व्हाइट मेटलच्या बेअरिंगवर गॅस चालवताना नोझल कोणतं लावायचं?

गॅस वेल्डिंगच्या नोझलसोबत येणारा तक्ता लोखंडी पत्र्याच्या जाडीवर बेतलेला असतो. अमुक मिलिमीटरचा पत्रा, तर तमुक नंबरचं नोझल. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ब्रिटिश पद्धतीच्या नंबरांत 3 मिमीच्या पत्र्याला 7 नंबर सांगितलेला असतो. बेअरिंगमधला व्हाइट मेटलचा (कथील किंवा शिशाच्या मऊ मिश्रधातूचा) थरही 3 मिमीचाच आहे म्हणून कोणी 7 नंबर लावून बसला, तर पहिल्या पाच सेकंदांत रस फुंकरीसरशी बाजूला उडतो आणि खाली शेलचं, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाचं, बीड उघडं पडतं. मग एका टवक्यासाठी सगळं बेअरिंग नव्याने भरावं लागतं.

तक्ता चुकीचा नाही, तो दुसऱ्या धातूचा आहे. पोलाद 1500 अंशांच्या आसपास वितळतं. 89 टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी आणि साडेतीन टक्के तांबं असलेला नेहमीचा व्हाइट मेटल 241 अंशांना मऊ पडायला लागतो आणि 354 अंशांना पूर्ण पातळ होतो. एक घन सेंटिमीटर पोलाद वितळवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या दहाव्या हिश्शात तेवढाच व्हाइट मेटल वितळतो. ज्योत मात्र दोन्हीकडे तीच, 3100 अंशांच्या वरची. म्हणून इथे नोझल निवडताना थराची जाडी बाजूला ठेवायची आणि दोन गोष्टी बघायच्या: रसाचं डबकं केवढं हवं आहे, आणि मागचं शेल किती उष्णता ओढून नेणार आहे. या दोन गोष्टींना एकच नोझल कधीच पुरत नाही. शेल तापवायची ज्योत वेगळी आणि रस करायची ज्योत वेगळी, हे आधी ठरलं की बाकीचं सोपं आहे.

नंबराचा अर्थ

ब्रिटिश पद्धतीत 1, 2, 3, 5, 7, 10, 13, 18, 25 असे नंबर असतात. नंबर म्हणजे ताशी जवळपास तितके घनफूट ॲसिटिलीन, आणि तेवढाच ऑक्सिजन. 1 नंबरला ताशी 28 लिटर, 2 ला 57, 3 ला 86, 5 ला 140, 10 ला 280 आणि 25 ला सुमारे 710 लिटर ॲसिटिलीन लागतं. एक लिटर ॲसिटिलीन जळालं की साधारण 56 किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे 1 नंबरची ज्योत सुमारे 440 वॅटची, 5 नंबरची सव्वादोन किलोवॅटची आणि 25 नंबरची 11 किलोवॅटची. हे आकडे डोक्यात राहिले तर पेटीतलं नोझल उचलतानाच अंदाज येतो. 1 नंबर म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी, 5 नंबर म्हणजे बाथरूमचा गीझर.

अमेरिकन पद्धतीच्या टॉर्चवर 000, 00, 0, 1, 2 असे नंबर येतात, आणि त्यांचा ब्रिटिश नंबरांशी काहीही मेळ नाही. त्यातलं 1 नंबर इथल्या 1 पेक्षा खूप मोठं. तिथे भोक बघायचं. 000 चं भोक 75 नंबरच्या ड्रिलचं, म्हणजे 0.53 मिमी. 00 चं 70 नंबरच्या ड्रिलचं, 0.71 मिमी. 0 चं 65 नंबरच्या ड्रिलचं, 0.89 मिमी. (ड्रिलचा नंबर वाढला की भोक लहान होतं. नवखा माणूस इथे हमखास फसतो.) 0.53 वरून 0.71 वर गेलो की भोकाचं क्षेत्रफळ 1.8 पट होतं, 0.89 वर गेलो की 2.8 पट. डोळ्यांना तिन्ही भोकं सारखीच दिसतात, ज्योत सारखी नसते. नंबर पुसला गेला असेल तर भोकात ड्रिल कोंबू नका. सफाईच्या तारांच्या संचातली कोणती तार सैल जाते त्यावरून माप ओळखा.

कामाप्रमाणे निवड

सुईच्या टोकाएवढी छिद्रं, कडेचा टवका, तेलाच्या खाचेची तुटलेली धार, म्हणजे जिथे डबकं 5-6 मिमीपेक्षा मोठं होऊच द्यायचं नाही, तिथे 1 नंबर किंवा 000. रुपयाच्या नाण्याएवढा उखडलेला तुकडा आणि थर 3 ते 5 मिमी, तर 2 नंबर किंवा 00. शेल जड आहे, थर 6 मिमी किंवा जास्त आणि जागा तळहाताच्या निम्म्याएवढी, तर 3 नंबर. 5 नंबर फक्त मोठ्या पेडेस्टल (स्वतंत्र बैठकीवरच्या) बेअरिंगच्या जाड थरासाठी, तेही हात बसलेला असेल तर. त्याच्या पुढचं नोझल व्हाइट मेटलवर थेट न्यायचं नाही.

शेल तापवायला याच्या उलट. समजा, नुसत्या हिशोबासाठी, बिडाचं 5 किलोचं शेल 30 वरून 230 अंशांवर न्यायचं आहे (प्रत्यक्षात किती तापवायचं ते पुढे येईल). त्याला साधारण 500 किलोज्यूल लागतात. ज्योतीतली तिसरा हिस्साच उष्णता शेलमध्ये शिरते असं धरलं, तर 1 नंबरने पाऊण-एक तास लागेल, आणि तोवर तितकीच उष्णता हवेत जाईल, म्हणजे शेल तिथवर पोहोचणारच नाही. 25 नंबरने काम दोन-तीन मिनिटांचं. पण इतक्या जोरात तापवलं की एक बाजू लाल आणि दुसरी थंड अशी गत होते, बीड तडकतं. म्हणून 10 किंवा 13 नंबर घ्या, ज्योत मऊ ठेवा आणि पाठीवरून सतत फिरवत दहा मिनिटं द्या. एलपीजीचा साधा बर्नर असेल तर तो या कामाला ॲसिटिलीनपेक्षा बरा आणि स्वस्त. मात्र ॲसिटिलीनच्या नोझलला एलपीजी जोडू नका. एलपीजीची ज्योत हळू पळते, त्यामुळे ती नोझलच्या तोंडावरून सुटते आणि विझते.

भरपूर भोकांचं हीटिंग नोझल लावायचा मोह होतो, तेव्हा सिलिंडर बघायचा. ॲसिटिलीनच्या सिलिंडरमधून तासाला त्याच्या एकूण गॅसच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त ओढू नये. 6 घनमीटरच्या सिलिंडरला ही मर्यादा 850 लिटरची. 25 नंबर त्यात बसतं. त्याहून मोठं लावलं की गॅसबरोबर ॲसिटोन यायला लागतो आणि ज्योत जांभळट होऊन थुंकते.

मोठं नोझल बारीक करून का चालत नाही?

हा प्रश्न प्रत्येक वर्कशॉपमध्ये निघतो: "5 नंबर आहेच, व्हॉल्व्ह बारीक करू." कागदावर पटतं. पण नोझलच्या भोकातून गॅस ज्या वेगाने बाहेर पडतो, तो ज्योतीच्या आत पळण्याच्या वेगापेक्षा जास्त असावा लागतो. व्हॉल्व्ह फार बारीक केला की गॅसचा वेग पडतो, ज्योत आत घुसते आणि टॉर्च बंदुकीसारखी फट्ट वाजते. त्या फटक्याने खालचा रस शिंतोडे होऊन उडतो, थेट मनगटावर आणि डोळ्यांकडे. शिवाय नोझल गार ठेवायचं काम त्यातून जाणारा गॅसच करत असतो. तो कमी झाला आणि वाटीसारख्या बेअरिंगमधून उष्णता परत नोझलवर आली, की ते तापतं आणि फटके वाढतात.

लहान नोझल जास्तीत जास्त उघडणंही तितकंच वाईट. ज्योत कडक होते, सूं असा तीक्ष्ण आवाज येतो आणि रसात खळगा पडतो. नोझल त्याच्या मधल्या पट्ट्यात चाललं पाहिजे. मऊ ज्योत हवी, पण फटके न मारणारी. दोन नंबरांत अडलात तर लहान घ्या आणि शेल थोडं जास्त गरम ठेवा.

ज्योत लावणं

1 ते 7 नंबरला दोन्ही गॅसचा दाब 0.14 बार, म्हणजे सुमारे 2 पाउंड, पुरतो. 10 ला 0.21 बार. ऑक्सिजनच्या नेहमीच्या रेग्युलेटरच्या काट्यावर हा दाब दिसतही नाही. त्यामुळे काट्यावर विसंबू नका, ज्योतीवरून लावा. ॲसिटिलीनचा दाब कोणत्याही कारणाने 1 बारच्या वर न्यायचा नाही. त्यापुढे तो ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो.

आधी टॉर्चचा ॲसिटिलीन व्हॉल्व्ह थोडा उघडून पेटवा. काळा धूर येईल. धूर जेमतेम थांबेपर्यंत गॅस वाढवा. ज्योत नोझलच्या तोंडाला चिकटून राहिली पाहिजे, मध्ये फट पडली तर गॅस जास्त झाला. ही त्या नोझलची नैसर्गिक चाल. आता किंचित कमी करा, धूर पुन्हा दिसू लागेल इतपत. मग ऑक्सिजन सोडा. आतली पांढरी कळी आणि तिच्याभोवतीचं फिकट पीस वेगवेगळं दिसेल. ऑक्सिजन वाढवत पीस आक्रसून कळीत मिसळलं, की ज्योत न्यूट्रल, म्हणजे दोन्ही गॅस बरोबरीत. तिथून ऑक्सिजन केसभर मागे घ्या, कळीच्या टोकावर पिसाची नुसती चाहूल राहील एवढा. 1 नंबरवर कळी काडीपेटीच्या काडीच्या गुलाच्या दीडपट-दुप्पट लांब दिसली की झालं.

ऑक्सिजन जास्त झाला तर कळी टोकदार आणि निळसर होते. रसावर राखाडी साय धरते आणि ती बाजूला केली तरी पुन्हा येते. ॲसिटिलीन जास्त राहिलं तर काजळी बसते, आणि काजळीवर कल्हई धरत नाही. दोन्हींत काजळी जास्त वाईट, कारण साय भर घालायच्या कांडीने ओढून काढता येते.

कार्बाइडपासून ॲसिटिलीन बनवणाऱ्या टाकीवर चालणाऱ्या टॉर्चवर 1 आणि 2 नंबर त्रास देतात. गॅसचा दाब खालीवर होतो, सोबत पाण्याची वाफ येते आणि कळी नाचत राहते. असं बारीक काम सिलिंडरवरच करावं. नळी हलकी, 6 मिमी आतल्या मापाची घ्या आणि मागे एका खुंटीवर टांगा. नळीचं ओझं मनगटावर आलं की हात थरथरतो, आणि इथे दोन मिलिमीटर खूप झाले. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी आलेली ज्योत अडवणारं साधन) हवाच.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पेडेस्टल बेअरिंगचा खालचा हाफ (अर्धा भाग) घेऊ. थर 4 मिमीचा, मध्ये रुपयाएवढा तुकडा निघालेला, आसपासची पकड चांगली.

पकड खरंच चांगली आहे का, हे आधी बघा. हाफ दोरीला टांगून मागून लहान हातोडीने टिचकी मारा. घणघणला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला तर नाही. मग कडेच्या सांध्यावर रॉकेल लावा, अर्धा तास मुरू द्या, कोरडं पुसून खडू घासा. खडूवर ओलसर रेघ उमटली तर व्हाइट मेटल शेलपासून सुटलेला आहे. असा हाफ डागडुजीचा नव्हे, नव्याने भरायचा. पातळ शेलची इंजिनाची बेअरिंगं आणि जास्त फेऱ्यांच्या टर्बाइनची बेअरिंगंही टॉर्चने दुरुस्त करायची नसतात.

मूळ धातू कोणता हे कळल्याशिवाय कांडी वितळवू नका. आयएस 25 या भारतीय मानकात ग्रेडचा आकडा म्हणजे कथिलाची टक्केवारी: ग्रेड 84 मध्ये 84 टक्के कथील, ग्रेड 10 मध्ये 10 टक्के आणि बाकी मुख्यतः शिसं. ग्रेड माहीत नसेल तर ताज्या खरवडलेल्या जागेने कोऱ्या कागदावर रेघ ओढा. पेन्सिलीसारखी गडद उमटली तर शिसं भरपूर आहे. कथिलाच्या बेअरिंगमध्ये शिशाची कांडी किंवा कल्हईसाठी सोल्डर वापरलं, तर दोन्ही मिळून 183 अंशांना वितळणारं मिश्रण तयार होतं आणि नेमकं सांध्यात साचतं. बेअरिंग गरम झालं की आधी तेच सोडतं. कल्हईला शुद्ध कथीलच घ्या. कांडी त्याच ग्रेडची, अँगलच्या खाचेत ओतून 5-6 मिमी जाडीची पाडलेली.

जागा त्रिकोणी स्क्रेपरने चकचकीत करा, कडा उतरत्या ठेवा. उभी भिंत राहिली तर कोपऱ्यात रस पोहोचत नाही. जुन्या बेअरिंगच्या बिडात तेल मुरलेलं असतं. पाठीवरून हलकं तापवलं की ते घाम फुटावा तसं वर येतं. पुसा, पुन्हा तापवा, पुन्हा पुसा. हे तीन-चार वेळा झाल्याशिवाय पुढे गेलात तर रसात बुडबुडे ठरलेलेच. शेल उघडं पडलं असेल तर तिथे झिंक क्लोराइड आणि थोडा नवसागर लावून शुद्ध कथिलाची कल्हई करायची. ज्योत कल्हईच्या जागेवर न लावता शेलच्या पाठीवर लावा. बिडातलं ग्रॅफाइट कथिलाला धरू देत नाही, म्हणून तारेच्या ब्रशने कथील चोळत राहावं लागतं. हे फ्लक्स (झिंक क्लोराइड-नवसागर) उरलं असेल ते गरम पाण्याने धुवा आणि शेल पूर्ण कोरडं करा. खाचेत पाण्याचा थेंब राहिला आणि त्यावर रस पडला, तर वाफेचा स्फोट होतो.

आता हाफ कोरड्या वाळूच्या परातीत असा बसवा, की दुरुस्तीची जागा अगदी तळाशी, सपाट येईल. 10 नंबरने पाठ तापवून घ्या. किती, याची सोपी खूण आहे: पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर चुरचुरून उडावा, पण इलेक्ट्रॉनिक्सची शिसं असलेली सोल्डर तार (बिनशिशाची नव्हे) पाठीला टेकवली तर वितळू नये. म्हणजे शेल 100 आणि 183 अंशांच्या मध्ये आहे. तार वितळली तर थांबा, थोडं गार होऊ द्या. 232 अंशांना खालची कल्हईच वितळते आणि चांगला भागही शेलवरून सुटतो.

मग 2 नंबर लावा. टॉर्च पृष्ठभागाशी 40-45 अंशांत, कळीचं टोक 4-5 मिमी वर. कळी धातूला टेकवायची नाही. काही सेकंदांत जागेवर चकाकी येते, आरशावर वाफ धरून उतरावी तशी. तोच वितळल्याचा क्षण. कांडीचं टोक त्या डबक्यात बुडवा, एक थेंब सोडा, टॉर्च उचला, चकाकी मावळू द्या, पुन्हा खाली आणा. उचल-टेक, उचल-टेक अशी लय लागली पाहिजे. वर साय धरली तर कांडीच्या टोकाने कडेला ओढा, दुधावरची काढतो तशी. रसात खळगा दिसला तर ज्योत कडक आहे. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे बारीक करा, तरी खळगा राहिला तर नोझल एक नंबर उतरवा. उलट दहा-बारा सेकंद झाले आणि चकाकी येत नाही, तर नोझल लहान आहे असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा शेल गार झालेलं असतं. परत 10 नंबर.

एका फेरीत 2-3 मिमीपेक्षा जास्त भर घालू नका. शेवटी मूळ पातळीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर वर भरा. संपताना ज्योत एकदम काढू नका. वरचा थर शेवटी गोठला पाहिजे, म्हणून पाठीला ओला फडका लावा किंवा हवा मारा आणि वरून मऊ ज्योत अर्धा मिनिट फिरवत ठेवा. गोठणं शेलकडून वर आलं तर आकसण्याने पडणारी पोकळी वर येते आणि लेथवर निघून जाते. वरून गोठलं तर ती सांध्यात अडकते.

बिघाड दिसला तर

भराव घड्या पडल्यासारखा, थरावर थर दिसतो: शेल गार होतं किंवा नोझल लहान. कडेचा चांगला धातू ओघळला: नोझल मोठं, किंवा एकाच जागी रेंगाळलात. कडेवर काम करताना ज्योत नेहमी आतल्या बाजूला तोंड करून धरावी आणि बाहेरून ग्रॅफाइटचा किंवा पोलादी पट्टीचा आधार द्यावा. दाणेदार, राखाडी, खरवडताना तुकडे पडणारा भराव: खूप वेळ खूप तापवलं. ज्योत एका बाजूला वळते किंवा दोन फाटे फुटतात: भोकाच्या तोंडावर थेंब चिकटला आहे. नोझल बंद करून, गार करून, मापाची तार सरळ आत-बाहेर करा. पीळ देऊन फिरवली की भोक लंबगोल होतं आणि ते नोझल या कामातून बाद. तोंड घासलं गेलं असेल तर बारीक एमरी कागद काचेवर ठेवून त्यावर उभं धरून सपाट करता येतं.

टॉर्च फट्ट वाजून शिट्टी मारायला लागली तर ज्योत आत जळते आहे. ताबडतोब आधी ऑक्सिजन, मग ॲसिटिलीन बंद. गार होऊ द्या, नुसता ऑक्सिजन सोडून काजळी उडवा आणि मगच पुन्हा पेटवा. ऑक्सिजनच्या बाजूला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, आणि बेअरिंगचं काम म्हटलं की हात तेलकट असतातच, तेव्हा टॉर्च उचलण्याआधी साबणाने धुवा. शिशाचा धातू असेल तर हवा खेळती ठेवा, मास्क लावा आणि त्या बाकावर चहाचा कप ठेवू नका.

भराव गार झाल्यावर पुन्हा टिचकी आणि खडू-रॉकेल. मग लेथवर बोअर, तेलाची खाच परत कोरणं, आणि शाफ्टला निळं (खुणेचा निळा रंग) लावून स्क्रेपिंग. दुरुस्त जागेवर निळं आधी आणि दाट लागत असेल तर भराव उंच राहिला आहे. तेवढाच खरवडा, आजूबाजूला हात लावू नका. पहिल्यांदा चालवताना दर दहा मिनिटांनी थांबून बेअरिंगच्या पाठीवर हात ठेवा. हात ठेववत नसेल तर बंद करून, उघडून, कुठे घासतंय ते बघा.